खोकड रॉबिन, सिंह जॉन आणि तेवीस टन चांदी

“मावशी, खरा राजा इतका चांगला आहे, तर तो घरी का नाही?”

सिनेमा सुरू होऊन पंधरा मिनिटंही झाली नव्हती. लॅपटॉपवर डिस्नेचा १९७३ सालचा ‘रॉबिन हूड’, शेजारी माझी आठ वर्षांची भाची आणि आमच्या दोघींच्या मध्ये चुरमुऱ्यांचा डबा. पडद्यावर राजपुत्र जॉन रथात बसून सोन्याच्या नाण्यांत हात घालत होता. हा जॉन म्हणजे आयाळ नसलेला सिंह. मुकुट मोठा आहे, त्यामुळे तो सारखा डोक्यावरून घसरतो, आणि आईची आठवण निघाली की याचा अंगठा तोंडात जातो. मी म्हटलं, “राजा लढाईला गेलाय.” तिने विचारलं, “किती दिवस?”

इथे मी अडकले. कारण खरं उत्तर द्यायचं तर सिनेमातल्या चांगल्या-वाईटाची अर्धी मांडणी बदलते. त्या दिवशी तिला मी तुकड्यातुकड्यांनी जे सांगितलं, ते इथे सलग लिहिते आहे. घरात मुलांबरोबर हा सिनेमा पाहणाऱ्या कुणालाही असे प्रश्न येणारच.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी गोष्ट थोडक्यात. राजा रिचर्ड दूर देशी गेला आहे. त्याचा भाऊ जॉन गादीवर बसून रयतेला कराने पिळतो आहे. नॉटिंगहॅमचा शेरीफ दारोदार फिरून वसुली करतो. शेरवूडच्या रानात रॉबिन आणि लिटल जॉन राहतात, श्रीमंतांना लुटून गरिबांना देतात. मध्ये धनुर्विद्येची स्पर्धा, मेरियनशी प्रेम, तुरुंग फोडणं, आणि शेवटी राजा परत येतो, लग्न लागतं. सगळी पात्रं प्राणी आहेत, माणूस एकही नाही.

आता राजाचं काय ते पाहू.

रिचर्ड पहिला याला ३ सप्टेंबर ११८९ रोजी राज्याभिषेक झाला आणि त्याच वर्षाच्या शेवटी त्याने इंग्लंड सोडलं. जेरुसलेम परत जिंकण्यासाठी निघालेलं ख्रिस्ती धर्मयुद्ध, म्हणजे तिसरं क्रुसेड, त्याला लढायचं होतं. सिनेमात जॉनचा कारभारी असलेला साप, सर हिस, रिचर्डला संमोहित करून पाठवतो. खरा रिचर्ड स्वतःच्या हौसेने गेला, आणि जाण्याआधी मोहिमेचा खर्च भागवायला त्याने सरकारी पदं विकली. त्यात परगण्यांच्या शेरीफांची पदंही होती. नॉटिंगहॅमचा परगणा जॉनला बहाल केला होता तोही रिचर्डनेच. त्याने दहा वर्षं राज्य केलं आणि त्यातले सगळे मिळून जेमतेम सहा महिने इंग्लंडमध्ये काढले. त्याची भाषा फ्रेंच, त्याचा जीव फ्रान्समधल्या आपल्या मुलखात.

परतीच्या वाटेवर, डिसेंबर ११९२ मध्ये, व्हिएन्नाजवळ ऑस्ट्रियाच्या ड्यूक लिओपोल्डने त्याला पकडलं. धर्मयुद्धात एकर शहर पडलं तेव्हा रिचर्डच्या माणसांनी लिओपोल्डचं निशाण खाली फेकलं होतं, तो राग होताच. लिओपोल्डने त्याला जर्मन सम्राट सहावा हेन्री याच्या हवाली केलं आणि सम्राटाने खंडणी मागितली: दीड लाख मार्क. त्यातले एक लाख मार्क सुटकेआधी हवेत. जर्मनीतल्या कलोन शहराच्या वजनाने एक मार्क म्हणजे सुमारे २३० ग्रॅम चांदी. म्हणजे नुसता पहिला हप्ता जवळपास तेवीस टन चांदीचा!

आता ही चांदी आणायची कुठून? ११९३ साली इंग्लंडमध्ये जो कर बसला तो तोवर कुणी पाहिला नव्हता. पाद्री असो वा गृहस्थ, वर्षाच्या उत्पन्नाचा आणि जंगम मालमत्तेचा चौथा हिस्सा द्यायचा. सिस्टर्शियन मठवासी साधेपणाने राहत, त्यांच्याकडे सोनंचांदी नसे, तर त्यांच्या मेंढ्यांची त्या वर्षीची सगळी लोकर घेतली. चर्चमधली सोन्याचांदीची भांडी घेतली. गोळा झालेला ऐवज लंडनच्या सेंट पॉल कॅथेड्रलमध्ये पेट्यांत ठेवला आणि त्यावर शिक्के मारले. त्यातला एक शिक्का होता राजमाता एलेनोरचा. वय सत्तरच्या घरात, पण मुलाला सोडवण्यासाठी ती बाई हटून बसली होती. सिनेमातला जॉन ‘आईचा लाडका रिचर्डच’ म्हणून रडतो, तेव्हा इतिहासाचा अगदी एवढासा तुकडा आत येऊन बसलेला असतो.

तर सांगायचं ते हे, की रॉबिन हूडच्या गोष्टीत रयत ज्या करांनी भरडून निघते त्यांचं खरं रूप शोधायला गेलं तर ते ‘चांगल्या’ रिचर्डच्या सुटकेसाठी बसलेल्या करात सापडतं. याचा अर्थ जॉन बिचारा निर्दोष होता असा मुळीच नाही. भाऊ कैदेत असताना त्याने फ्रान्सच्या राजाशी संधान बांधलं, आणि रिचर्डला आणखी काही महिने आतच ठेवा म्हणून दोघांनी सम्राटाला पैसे देऊ केले. पुढे ११९९ मध्ये तो स्वतः राजा झाला, तेव्हा त्यानेही लोकांना इतकं पिळलं की सरदारांनी बंड करून १५ जून १२१५ रोजी त्याच्याकडून मॅग्ना कार्टा ही राजाच्या सत्तेला लगाम घालणारी सनद कबूल करून घेतली. म्हणून लोकांच्या आठवणीत खलनायक म्हणून तोच राहिला. मला वाटतं, लोकांनी निवड काही अगदीच चुकीची केली नाही. फक्त हिशेबाची पानं एका भावाच्या खात्यातून दुसऱ्याच्या खात्यात गेली.

भाचीचा पुढचा प्रश्न होता: “मग राजा रानात आला होता का?” आला होता! ही गोष्ट मला स्वतःला फार आवडते. फेब्रुवारी ११९४ मध्ये रिचर्ड सुटला, मार्चमध्ये इंग्लंडला पोचला आणि तडक नॉटिंगहॅमवर गेला, कारण तिथला किल्ला जॉनच्या माणसांनी धरून ठेवला होता. वेढा तीन-चार दिवस चालला. रिचर्डने जॉनच्या काही पकडलेल्या माणसांना किल्ल्यातून दिसतील असे फासावर लटकवले, आणि २८ मार्चला किल्ला शरण आला. दुसऱ्या दिवशी, २९ मार्चला, राजा घोड्यावरून शेरवूडचं रान पाहायला गेला. ते त्याने आधी कधी पाहिलं नव्हतं, आणि ते त्याला फार आवडलं, असं त्या काळचा इतिहासकार रॉजर ऑफ हाउडन लिहितो. तिथे त्याला रॉबिन हूड भेटल्याची नोंद नाही. जॉनला त्याने माफ करून टाकलं. मे महिन्यात तो पुन्हा समुद्र ओलांडून गेला तो कायमचाच.

सिनेमाच्या शेवटी जॉन, साप आणि शेरीफ तिघेही खडी फोडताना दिसतात. मुलांना ते पाहून बरं वाटतं, मलाही वाटतं.

शेरीफबद्दल थोडं सांगायला हवं, कारण सिनेमातला सगळ्यात चीड आणणारा तोच. लठ्ठ लांडगा, ओठांवर गाणं, आणि लोहाराच्या मोडलेल्या पायाच्या प्लॅस्टरमध्ये लपवलेली नाणीसुद्धा तो ठोकून बाहेर काढतो. ‘शेरीफ’ हा शब्द ‘शायर’ म्हणजे परगणा आणि ‘रीव’ म्हणजे कारभारी यांतून आला. परगण्यातून दरवर्षी एक ठरलेली रक्कम त्याने राजाच्या खजिन्यात भरायची. तिच्यावर जे वसूल होईल ते त्याचं. आपल्याकडे दुसऱ्या बाजीरावाच्या काळात मामलती इजाऱ्याने दिल्या जात, तशातलाच प्रकार. ज्याने पद विकत घेतलं तो आधी आपले पैसे काढणार, मग नफा काढणार, आणि दोन्ही निघणार ते रयतेच्या पोटातून. ससुल्याच्या वाढदिवसाची एकुलती एक फार्दिंग, म्हणजे पेनीचा पाव भाग, शेरीफ उचलतो. तो प्रसंग लहान मुलांना रडवण्यासाठी रचला आहे हे मला कळतं, पण त्यामागची व्यवस्था खोटी नाही.

आणि तो लांडगा का? इथे सिनेमाने एक गंमतशीर उलटापालट केली आहे. त्या काळी कोर्टाने वारंवार बोलावूनही जो हजर होत नसे, त्याला कायद्याबाहेर टाकत. त्याची मालमत्ता जप्त व्हायची आणि कायद्याचं कसलंच संरक्षण त्याला उरत नसे. अशा माणसाला म्हणत ‘लांडग्याचं डोकं’ वागवणारा. म्हणजे लांडगा दिसला की जसा कुणीही मारावा, तसाच हाही. तेव्हाच्या कायद्याच्या भाषेत लांडगा होता तो रॉबिन. चित्रकारांनी ते डोकं काढून शेरीफच्या धडावर बसवलं!

रान हासुद्धा तेव्हा कायद्यातला शब्द होता. नॉर्मन राजांनी मोठमोठे प्रदेश ‘राजाचं रान’ म्हणून जाहीर केले होते आणि त्यात झाडांबरोबर गावं, शेतं, माळ सगळं येई. तिथलं हरीण राजाचं. हरणाला खायला घालणारी झाडंझुडपंही राजाची. रानात राहणाऱ्याच्या कुत्र्याच्या पुढच्या पायाची नखं छाटत, म्हणजे ते हरणामागे धावू नये. आणि ११९८ मध्ये, रिचर्डच्याच राज्यात, हरीण मारणाऱ्याचे डोळे काढण्याची जुनी शिक्षा पुन्हा जाहीर झाली. जॉनच्या मृत्यूनंतर १२१७ मध्ये रानाची वेगळी सनद निघाली, तेव्हा कुठे हरणासाठी कुणाचा जीव किंवा अवयव घेऊ नये असं ठरलं. हे वाचल्यावर, रॉबिन आणि त्याची माणसं राजाच्या रानात हरणाच्या मांसावर ताव मारतात ही जुन्या गाण्यांतली ओळ वेगळीच ऐकू येते. ती गाणी ऐकणाऱ्याच्या गावातल्या एखाद्याचे डोळे त्यापायी गेलेले असू शकत होते.

जुनी गाणी म्हटलं खरं, पण ती किती जुनी? आणि रॉबिन हूड खरा होता का? हा प्रश्न मोठ्या माणसांनाच जास्त पडतो.

यॉर्कच्या १२२६ सालच्या सरकारी हिशेबात ‘रॉबर्ट हॉड, फरारी’ अशी एक नोंद आहे. त्याचा जप्त केलेला माल बत्तीस शिलिंग सहा पेन्सचा. हाच का तो? रॉबर्ट हे तेव्हा आपल्याकडच्या गणपतसारखं घरोघरचं नाव, आणि हूड हे आडनावही सर्रास आढळायचं. त्यामुळे त्या एका ओळीवर कुणाला उभं करता येत नाही. त्याहून मोलाची नोंद १२६२ ची, बर्कशायरमधली. रॉबर्ट नावाच्या लोहाराचा मुलगा विल्यम फरारी झाला आणि कारकुनाने त्याचं नाव लिहिलं ‘विल्यम रॉबहूड’. म्हणजे तोपर्यंत हे नाव पळालेल्या माणसाला चिकटवायचं टोपणनाव झालं असावं. आपली वर्तमानपत्रं एखाद्याला ‘गरिबांचा रॉबिनहूड’ म्हणतात, ती सवय साडेसातशे वर्षांपूर्वीच्या त्या कारकुनालाही होती.

साहित्यात त्याचं नाव पहिल्यांदा येतं सुमारे १३७७ मध्ये, विल्यम लँगलंडच्या एका दीर्घ काव्यात. तिथे ‘आळस’ नावाचा एक पाद्री कबुली देतो, की मला देवाची प्रार्थना धड येत नाही, पण रॉबिन हूडची कवनं मात्र तोंडपाठ आहेत. म्हणजे लोक ती गात होते. आपल्याकडे शाहीर डफावर पोवाडा म्हणतो तशी ही गाऊन सांगायची कथा. सिनेमात गोष्ट सांगायला ल्यूट वाजवणारा कोंबडा ठेवला आहे, आणि तिथे मला चित्रकारांची समज दिसते. ही कथा जन्मली तीच मुळी कुणाच्या तरी गळ्यातून.

त्या जुन्या कवनांतला रॉबिन मात्र भाचीला दाखवण्यासारखा नाही. सुमारे १४५० च्या एका हस्तलिखितात एक मठवासी रॉबिनला पकडून देतो. लिटल जॉन त्या मठवाशाला ठार मारतो, आणि मठवाशाबरोबरच्या लहान पोराने कुठे बोलू नये म्हणून मच नावाचा साथीदार त्या पोरालाही मारतो. कवन हे सगळं एका दमात सांगून पुढे जातं. १५०० च्या सुमारास छापलेल्या एका मोठ्या काव्यात, ज्यात ४५६ कडवी आहेत, रॉबिन आपल्या माणसांना सांगतो की नांगर धरणाऱ्याला हात लावू नका. बिशप आणि नॉटिंगहॅमचा शेरीफ मात्र लक्षात ठेवा. शेवटी त्याने गरिबांचं पुष्कळ भलं केलं अशी एक ओळ आहे. श्रीमंताकडून घ्यायचं आणि गरिबाला वाटायचं, हे ब्रीदवाक्य मात्र अजून झालेलं नव्हतं. त्या काव्यातला राजा रिचर्डही नाही, एडवर्ड आहे. मेरियन नाही. रॉबिन सरदार नाही, स्वतंत्र पण साध्या घरचा माणूस आहे. आणि लग्नाऐवजी शेवटी त्याचा मृत्यू आहे: कर्कलीजच्या मठातली मुख्य साध्वी उपचार म्हणून त्याची शीर कापते आणि रक्त वाहू देते.

मग आपण ओळखतो तो रॉबिन आला कुठून? भर पडत गेली. मे महिन्याच्या उत्सवात गावोगाव नाटुकली व्हायची, त्यांत रॉबिन आला, आणि फ्रेंच धनगरगीतांतल्या एका जोडीमुळे मेरियन त्याच्या शेजारी उभी राहिली. रॉबिनचा पाद्री साथीदार फ्रायर टक, हे तर एका खऱ्या माणसाचं टोपणनाव होतं. ससेक्समधल्या लिंडफील्डचा एक पाद्री टोळी जमवून दरोडे घालायचा आणि स्वतःला त्या नावाने म्हणवायचा. १४१७ च्या राजाज्ञेत त्याला पकडण्याचा हुकूम आहे. १५२१ मध्ये जॉन मेजर या स्कॉटिश विद्वानाने आपल्या इतिहासग्रंथात रॉबिनला रिचर्डच्या काळात नेऊन बसवलं, आणि तो तिथेच राहिला. १५९८ च्या नाटकांनी त्याला उमराव केलं. १७९५ मध्ये जोसेफ रिट्सनने सगळी कवनं गोळा करून छापली. फ्रेंच राज्यक्रांतीच्या बाजूचा हा माणूस. गरिबांचा कैवारी रॉबिन आज आपल्या मनात इतका ठसठशीत आहे, त्यात त्याचा वाटा मोठा. १८१९ मध्ये वॉल्टर स्कॉटच्या कादंबरीने एका बाणाने दुसरा बाण चिरण्याचा प्रसंग लोकप्रिय केला. स्पर्धेतला तो बाण डिस्नेच्या खोकडानेही चिरला आहे.

खोकड म्हटलं, ते मुद्दाम. शाळेत आपण ‘फॉक्स म्हणजे कोल्हा’ असं पाठ केलेलं असतं, पण मराठीत कोल्हा हा वेगळा प्राणी. फॉक्सला आपल्या माळरानावरचे लोक खोकड म्हणतात. पडद्यावरचा लालसर, झुपकेदार शेपटीचा रॉबिन युरोपातला आहे, तरी जात खोकडाचीच. आणि तो खोकड का झाला याची गोष्ट या सिनेमाचा दुसरा तळ उघडते.

बाराव्या-तेराव्या शतकात फ्रान्समध्ये रेनार नावाच्या लबाड खोकडाच्या कथा फार लोकप्रिय होत्या. किती लोकप्रिय? फ्रेंचमध्ये खोकडाला आधी वेगळा शब्द होता, ‘गुपिल’. या कथांनंतर तो मागे पडला आणि आजतागायत फ्रेंच माणूस खोकडाला रेनारच म्हणतो. वॉल्ट डिस्नेच्या स्टुडिओत १९३० च्या दशकाच्या अखेरीपासून या रेनारवर सिनेमा करण्याचा विचार अधूनमधून निघायचा. पण वॉल्टला खटकायचं, की नायक तर सरळ सरळ ठग आहे, मुलांसमोर तो न्यायचा कसा? १५ डिसेंबर १९६६ रोजी वॉल्ट गेला. त्यानंतर केन अँडरसन या जुन्या कलावंताने रॉबिन हूडचा विषय काढला आणि प्राण्यांची चित्रं करताना रेनारचा खोकड त्याच्या कामी आला. ठगच हवा, पण चांगल्या कारणासाठी ठगणारा: रॉबिनहून योग्य कोण?

आता रेनारच्या कथांतली पात्रं पाहा. राजा सिंह. खोकडाचा वैरी लांडगा. शिवाय एक अस्वल, खोकडाची बाजू घेणारा एक बिज्जू, आणि एक ऐटबाज कोंबडा. सिनेमात जॉन आणि रिचर्ड सिंह, शेरीफ लांडगा, लिटल जॉन अस्वल, फ्रायर टक बिज्जू, गाणारा कोंबडा. मी पहिल्यांदा दोन्ही याद्या शेजारी ठेवल्या तेव्हा अंगावर काटा आला. इंग्लंडच्या दरोडेखोराचे कपडे घालून फ्रान्सचा आख्खा दरबार पडद्यावर येऊन गेला होता.

जुन्यातून उचलून नवं रचायचं, हे रॉबिनच्या गोष्टीत पाचशे वर्षं होत आलं, तेच सिनेमाच्या चित्रांतही झालं आहे. हाताने काढलेला सिनेमा कसा बनतो ते समजलं की हे दिसतं.

पडद्यावर एका सेकंदात चोवीस चित्रं जातात. बहुतेक वेळा एक रेखाटन दोनदा वापरतात, म्हणजे सेकंदाला बारा. एका पात्राने एक मिनिट नाचायचं तर सातशे वीस रेखाटनं, आणि पात्रं दहा असतील तर हिशेब तुम्हीच करा. जुन्या पद्धतीत चित्रकार कागदावर पेन्सिलने काढायचा, मग ते चित्र पारदर्शक प्लॅस्टिकच्या शीटवर शाईने गिरवलं जायचं. ही शाईची कामं करणाऱ्या बहुतेक बायका होत्या, आणि त्यांच्या हाताची रेघ केसासारखी असे. १९५९ चा ‘स्लीपिंग ब्यूटी’ असा गिरवलेला. तो साठ लाख डॉलरच्या घरात गेला आणि सुरुवातीला तोट्यात. मग अब आयवर्क्स या तंत्रज्ञाने झेरॉक्सचं यंत्र सिनेमासाठी जुळवून घेतलं, आणि १९६१ पासून पेन्सिलची रेघ सरळ शीटवर उमटू लागली. खर्च वाचला, रेघ मात्र खरबरीत झाली. ‘रॉबिन हूड’ थांबवून रॉबिनच्या कानाची कड बघा. एका रेघेत दोन-तीन रेघा, मध्ये एखादी सुटलेली. कच्ची रेघही तशीच पडद्यावर आली आहे. काहींना ते ओबडधोबड वाटतं. मला त्यात काढणाऱ्याचा हात दिसतो, म्हणून मला ते प्रिय आहे.

पैसे वाचवण्याचा दुसरा मार्ग होता जुन्या चित्रांचा. डिस्नेने आपल्या सगळ्या सिनेमांची रेखाटनं जपून ठेवलेली होती. दिग्दर्शक वोल्फगांग राइटरमन त्यांतली उपयोगी हालचाल काढायला लावायचा. दिवा लावलेल्या काचेवर जुना कागद ठेवायचा, त्यावर नवा कोरा कागद, आणि खालच्या पात्राच्या हातापायांच्या जागांवर वरचं पात्र काढायचं. रानातला नाचगाण्याचा प्रसंग याचा नमुना आहे. लिटल जॉन आणि लेडी क्लक ही कोंबडी ज्या ठेक्यात नाचतात तो १९६७ च्या ‘जंगल बुक’मधल्या बाळू आणि वानरराजाचा. काही भाग १९७० च्या मांजरांच्या सिनेमाचा. लिटल जॉनला पाहून ‘हा तर बाळू!’ असं ज्यांना वाटलं, नव्वदच्या दशकात रविवारी दूरदर्शनवर ‘टेलस्पिन’ ही बाळूची मालिका पाहिलेल्या माझ्या वयाच्या सगळ्यांना तर वाटतंच, ते चुकलेले नाहीत. लिटल जॉन आणि ‘जंगल बुक’मधला बाळू, दोघांचा आवाजही मूळ इंग्रजीत एकाच माणसाचा आहे, फिल हॅरिसचा.

आणि खोकडी मेरियन? तिची गिरकी १९३७ च्या ‘स्नो व्हाइट’मधली आहे, बुटक्यांबरोबर राजकन्या नाचते तिथली.

हे उघडकीला आलं की लोक स्टुडिओला आळशी म्हणतात. मला ते पटत नाही. उड्या, झेप, वजन, सगळं नव्या अंगाला बसवावं लागतं. खोकडीच्या पायाची ठेवण राजकन्येची नाही, खोकडीला शेपटी आहे, ती गिरकीबरोबर फिरायला हवी. शिवाय नकलेमागे थांबलेलं एक खरं माणूस आहे. ‘स्नो व्हाइट’ करताना राजकन्येच्या हालचाली नैसर्गिक याव्यात म्हणून स्टुडिओने एका कोवळ्या वयाच्या नर्तकीला बोलावलं होतं. ती पुढे मार्ज चॅम्पियन म्हणून नावाजली. ती चालायची, वळायची, झगा धरून गिरकी घ्यायची, ते कॅमेऱ्यात टिपायचे आणि चित्रकार त्यावरून काढायचे. तिचा जन्म १९१९ चा. ती गेली २०२० मध्ये, एकशे एक वर्षांची होऊन. म्हणजे शेरवूडच्या रानात खोकडीच्या झग्याखाली जे पाय फिरतात ते १९३० च्या दशकातल्या त्या मुलीचे.

हे शेवटचं मी भाचीला सांगितलं तेव्हा सिनेमा संपून नावं सरकत होती आणि चुरमुऱ्यांच्या डब्यात तळाला फक्त दाणे उरले होते. रिचर्ड, खंडणी, लांडग्याचं डोकं यांतलं तिच्या किती लक्षात राहिलं कोण जाणे. तिने काही न बोलता नाचाचा प्रसंग मागे नेला, आवाज बंद केला आणि स्क्रीनच्या वरच्या अर्ध्या भागावर हात धरून फक्त पाय बघत बसली.